डोळे आईवर गेलेत

पोरीचे डोळे बघायला लातूरजवळच्या मुरुडला, माझ्या माहेरच्या गल्लीतल्या बायका एकामागून एक यायच्या. “अगं बाई, किती टपोरे! पापणीसुदिक लवत न्हाई बघ.” “आईवर गेलेत डोळे.” माझी माय पदराआड हसायची आणि त्या बायका गेल्या की लगेच मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकायची. मी खाटेवर बसून हसायचे. शेवटचे दोन दिवस तर हसल्याचं नाटक म्हणा. ते डोळे आले कुठून हे त्या घरात मला एकटीला कळलं होतं, आणि मी तोंड उघडत नव्हते.

माझी पोर आज चांगली आहे. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्या बाईचा जीव उगाच टांगणीला लागेल. पण ती चांगली झाली त्यात माझी हुशारी शून्य. पोटात लेकरू आहे आणि थायरॉइडची गोळी चालू आहे अशी एखादी बाई हे वाचत असेल, तर तिच्यासाठी लिहायला बसले. डॉक्टरांचं डॉक्टर सांगतील. माझ्या मनानं माझ्याशी काय डाव खेळला, तेवढं मी सांगते.

वटारलेले डोळे

लग्नाआधी मी किनवटकडं मुलींच्या निवासी शाळेत वसतिगृहाची अधीक्षिका होते. नाव मोठं, काम म्हणजे पोरींच्या उवा काढण्यापासून बापाला फोन लावून देण्यापर्यंत सगळं. आवाज माझा असा की जेवायला हाक मारली तर रेल्वे स्टेशनावरची माणसं ताट घेऊन येतील, असं पोरी माझ्या माघारी म्हणायच्या. कुणाला खरंच ताप आहे आणि कोण परीक्षेला भिऊन ढोंग करून राहिलीय, हे मी कपाळाला हात लावून सांगायचे. आधी माझा हात, मग थर्मामीटर. हात सहसा चुकायचा नाही.

त्याच हाताला कापरं भरलं. वरण वाढताना पळी ताटावर वाजायला लागली. भूक अशी की मोठ्या पोरींपेक्षा एक भाकरी जास्त खायचे, आणि तरी ब्लाउज अंगावर लोंबायचे. ऐन थंडीत पंखा लागायचा. छातीत सारखी धडधड, आणि चिडचिड तर विचारूच नका. एक दिवस सहावीतली एक पोरगी रडवेली होऊन म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं डोळे वटारून कामून बघता? आम्ही काय केलं?” मी वटारले नव्हते. आरशात पाहिलं तर डोळेच मोठे झाले होते, आपोआप.

नांदेडला एका डॉक्टर मॅडमना दाखवलं. त्यांनी गळा चाचपला, दोन्ही हात पुढं करायला लावले आणि बोटांवर एक साधा कागद ठेवला. कागद फडफडायला लागला. “थायरॉइड वाढलाय,” त्या म्हणाल्या. मी चक्क भांडायला लागले. “मॅडम, थायरॉइडनं बाया जाड होतात. मी तर वाळून चालले.” “ते तो कमी पडल्यावर. तुझा जास्त पळतोय.” रक्तात काहीतरी तयार होतं, अँटिबॉडी म्हणतात त्याला, आणि ते गळ्यातल्या ग्रंथीला सारखं म्हणत राहतं, पळ, पळ. मला एवढंच समजलं. त्या दिवशी बसमध्ये मी किनवटपर्यंत गळ्याला हात लावून बसले होते.

एक बारीक गुलाबी गोळी सुरू झाली. काही महिन्यांत हात थांबला, वजन आलं, डोळे बरेचसे आत गेले. पण मला बघायला पाहुणे आले ते त्याआधीच. माय कानात म्हणाली, “खाली बघून बस गं, डोळे दिसत्यात.” मी कसली खाली बघून बसते! सरळ सांगून टाकलं की मला हा आजार आहे आणि गोळी चालू आहे. सासूबाईंनी, म्हणजे ज्यांना मी आत्याबाई म्हणते त्यांनी, माझ्याकडं नीट बघून घेतलं. “गोळी खाऊन माणूस बरं ऱ्हातं ना? मग खा की. बीपीची मीबी खाते.” मुलगा, संतोष, विष्णुपुरीच्या एका कॉलेजात प्रयोगशाळेत कामाला. तो शांत बसला होता. खरं सांगते, आत्याबाईंचं ते बोलणं ऐकून मी त्याला होकार दिला.

गोळीची माफी

दिवस राहिले आणि गोळीवरून सगळ्या घराचा सूर बदलला. मॅडमनी पहिले काही महिने वेगळी गोळी दिली, मग पुन्हा हीच, कमी करून. रक्त वरचेवर तपासत होत्या. पण बीपीची गोळी न चुकता खाणाऱ्या आत्याबाई माझी गोळी दिसली की तोंड वाकडं करायच्या. “पोटात लेकरू हाय. इंग्रजी औषध जरा कमी कर की.” माय फोनवर तेच. शेजारीण तेच. आणि मी? मी मोबाइल घेऊन बसायचे आणि नको ते वाचायचे. गोळीनं लेकराचा थायरॉइड बंद पडतो, गोळीनं असं होतं, गोळीनं तसं होतं.

मी गोळी कधी चुकवली नाही. मॅडमचा धाक होता. पण रोज सकाळी चुलीपाशी उभी राहून, एक हात पोटावर ठेवून, मनातल्या मनात म्हणायचे, माफ कर गं लेकरा, मला घ्यावी लागते. मग गिळायचे. पाण्याबरोबर गोळी पोटात जायची आणि दिवसभर अपराध्यासारखं वाटायचं. पोरीनं लाथ मारली तरी वाटायचं, ही गोळीनं कळवळली असेल.

सातव्या महिन्यात मॅडमनी समोर बसवलं. संतोष खाली औषधं आणायला गेला होता. “वर्षा, नीट ऐक. तुझा आजार नाळेतून बाळाकडं जातोय आणि तुझी गोळीपण जातेय. दोन्ही जातात. म्हणून बाळाचं रक्त दोनदा बघायचं. जन्मल्यावर एकदा, आणि आठ-दहा दिवसांनी परत. तू बाळंतपणाला माहेरी जाणार, तिथं तूच सांगायचं. दुसरी तपासणी अजिबात सोडायची नाही.”

मी मान हलवली. आणि विचारलं काय, तर, “मॅडम, गोळीनं लेकराला काही होईल का?”

“गोळीचं सोड. मी काय सांगतेय ते ऐकलंस का?”

“हो,” म्हणाले. ऐकलं नव्हतं. कितीतरी महिने मनात गोळीचाच अपराध घोळत होता, त्यामुळं त्यांच्या बोलण्यातलं ‘गोळीपण जाते’ एवढंच कानात शिरलं. आजार जातो, हे वाक्य माझ्या कानावरून नुसतं निघून गेलं. घरी येताना संतोषनं विचारलं, काय म्हणाल्या. मी म्हटलं, बाळाचं रक्त तपासायचंय जन्मल्यावर. दोनदा, हे सांगितलंच नाही.

शेगडी

पहिलं बाळंतपण माहेरी. लातूरला दवाखान्यात पोरगी झाली. रंगानं उजळ, रडणं माझ्यासारखं, अख्खा वॉर्ड जागा. तिथल्या डॉक्टरांना मी थायरॉइडचं सांगितलं. त्यांनी रक्त घेतलं. रिपोर्ट आला, चांगला. मी तिथंच हुंदके देऊन रडले. संतोषला वाटलं काहीतरी वाईट निघालं. “नाही हो, गोळीनं काही केलं नाही हिला!” माझ्यापुरता विषय तिथं संपला. माझा गुन्हा माफ झाला असं वाटलं.

घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनीही सांगितलं, पुढच्या आठवड्यात परत आणा. माय म्हणाली, “बारसं होऊ दे. त्याच्याआधी बाळंतीण उंबरा वलांडती का कुठं?” आणि मी, जिनं ताप आलेल्या पोरींना बखोट धरून दवाखान्यात नेलं, ती मी म्हणाले, “हाव. बारसं झाल्यावर जाऊ.” रिपोर्ट चांगलाच होता ना.

मायनं बाळंतपण जीव ओतून केलं. याची मी चेष्टा करणार नाही. खिडकीला जाड वाकळ लावलेली, खाटेखाली शेगडी, सकाळ-संध्याकाळ ओवा-शेपांची धुरी. पोरीला तेल लावून, कडकडीत पाण्यानं न्हाऊ घालून, कान बांधून, गच्च गुंडाळून माझ्या कुशीत द्यायची. मला मेथ्या, डिंक, अळीव. त्या खोलीत आम्ही दोघी घामानं निथळत असायचो. अशा ठिकाणी कुणाचा घाम शेगडीचा आणि कुणाचा आजाराचा, कळावं कसं?

पोर घामेजली की माय म्हणायची, शेक चांगला लागतोय. सारखी दूध मागायची, “लई खादाड हाय, खात्यापित्या घरची.” झोपायची नाही, “चपळ हाय.” शी पातळ, “तूच काहीतरी खाल्लं असशील.” प्रत्येक गोष्टीला मायकडं उत्तर तयार. सरकारी दवाखान्याची आशाताई वजनाचा झोळीचा काटा घेऊन आली तर मायनं तिला चहा पाजला आणि म्हणाली, “बारशाआधी लेकरू तोलत न्हाईत बाई, नजर लागती.” आशाताई माझ्याकडं बघत राहिली. मी पदर सारखा करत बसले.

मग एक दिवस माय न्हाणीत होती. शेगडी विझलेली. मला काय वाटलं कुणास ठाऊक, पोरीला सोडलं. टोपरं काढलं, दुपटं काढलं. शेगडी विझून बराच वेळ झाला होता, पण तिचे तळवे गरम आणि ओले. काखेतून हाडं लागली. एवढं दूध पिऊन हाडं! मी छातीवर हात ठेवला. सगळ्या पोरींचा ताप ओळखणारा माझा हात. त्या हाताखाली तिचं काळीज जे पळत होतं, ती चाल माझ्या ओळखीची होती. किनवटला गादीवर पडल्या पडल्या मी ती माझ्याच छातीत ऐकलेली होती.

मग तिनं माझ्याकडं बघितलं. टपोऱ्या डोळ्यांनी. पापणी न लवता.

मी ओळखलं. आणि मी काय केलं? मी तिला पुन्हा गुंडाळलं. टोपरं बांधलं, दुपटं घट्ट खोचलं आणि कुशीत घेऊन दूध पाजायला लागले. माय बाहेर आली तर म्हणाली, “उठली का गं माझी ठकी?” मी म्हटलं, “हो.”

का गप्प बसले, याचं उत्तर मी आजही धड देऊ शकत नाही. बारसं दोन दिवसांवर आलं होतं. नांदेडहून सासरची माणसं निघणार होती, घुगऱ्या भिजायच्या होत्या, पाळणा माडीवरून खाली आला होता. हे सगळं कारण म्हणून सांगायला बरं आहे. आतलं कारण एवढंच की मी बोलले असते तर तो शेकाचा घाम राहिला नसता, खादाडपणा राहिला नसता. तो आजार झाला असता, आणि तो माझ्याकडून आलेला असता. जोवर मी बोलत नाही तोवर पोर नुसती टपोऱ्या डोळ्यांची. दोन दिवस मी तिला तशीच राहू दिली. माझी लाज झाकायला मी तिला गुंडाळून ठेवली, दुसरं काय म्हणू त्याला?

बारसं

आत्याबाई आल्या त्या हातात चांदीचे वाळे घेऊनच. घर बायकांनी भरलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा. आत्याबाई पोरीला मांडीवर घेऊन बसल्या, प्रेमानं गालावर बोटं फिरवली आणि बोटं तिथंच थांबली.

“वर्षा, हिचं अंग एवढं कामून तापलंय?”

“शेकलंय आत्ताच,” माय म्हणाली.

“तिथं शेगडीपाशी ठीक हाय. इथं येऊन किती वेळ झाला की.” त्यांनी पोरीचा हात वाळ्यात घालायला धरला. वाळा मनगटावरून सरकत कोपरापाशी गेला. त्यांनी माझ्याकडं बघितलं.

तेवढ्यात कुणीतरी बाई पोरीवर वाकून कौतुकानं म्हणाली, “डोळे बघा की! अगदी आईवर गेलेत.”

बस. माझ्यातून वसतिगृहाचा आवाज निघाला. “थांबवा बारसं! डोळे माझ्यावर गेलेले नाहीत. माझा आजार गेलाय तिच्यावर. मला दोन दिवस झाले कळून. दवाखान्यात न्यायचंय हिला, आत्ता.”

परातीतून घुगऱ्या वाढणारी बाई तशीच वाकलेली. संतोष दारातून आत आला. माय रडायलाच लागली. “नाव ठिवल्याबिगर लेकरू असं उचलून नेत न्हाईत गं! आपशकुन करती का?”

मी आत्याबाईंकडं बघत होते. म्हटलं, आता बोलतील. गोळी कमी कर म्हणत होते, ऐकलं नाहीस, बघ. किंवा, दोन दिवस काय करत होतीस. मी ऐकायला तयार होते. खरं तर मला ते ऐकायचंच होतं.

आत्याबाई उठल्या. पोरीचं टोपरं सोडून त्यांनी बाजूला टाकलं आणि पातळ फडक्यात तिला घेतलं. “नाव वाटंत ठिवू. संतोष, गाडी काढ.”

मुरुडहून लातूरच्या रस्त्यावर, मागच्या सीटवर, आत्याबाईंनी तोंड पोरीच्या कानाशी नेलं आणि “कुर्रर्र...” करून नाव सांगितलं. गार्गी. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, “बघती काय? मार की पाठीत. रीत हाय.” बारशाला नाव सांगणारीच्या पाठीत बाकीच्या बायका गंमतीनं बुक्क्या मारतात. गाडीत दुसरी बाई मी एकटीच. मी एक बुक्की मारली, दुसरी मारली आणि मग त्यांच्या पाठीवर डोकं टेकून जी रडायला लागले ती दवाखाना येईपर्यंत.

काचेपलीकडं

लेकरांच्या डॉक्टरांनी गार्गीच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि त्यांचा चेहरा बदलला. आधी तिला आत नेलं, वायरी लावल्या. मशीनवर लाल आकडे पळायला लागले. मग मला विचारलं, “आईला थायरॉइडचा त्रास आहे का?” मी सगळं सांगितलं. दोनदा तपासायला सांगितलं होतं तेही. दोन दिवस गप्प बसले तेही. संतोष शेजारी उभा होता. त्याला हे सगळं तिथं पहिल्यांदा कळत होतं.

डॉक्टर तरुण होते, पण समजावून सांगायची हातोटी होती. म्हणाले, “ताई, तुमच्या रक्तातलं जे तुमच्या ग्रंथीला पळवतं, तेच नाळेतून हिच्यात आलं. पण तुमची गोळीपण नाळेतूनच येत होती, म्हणून पोटात असताना हिचं सगळं ताब्यात होतं. जन्मल्यावर रिपोर्ट चांगला आला तो त्यामुळंच. नाळ कापली, आठवडाभरात गोळीचा असर संपला. आजार मात्र हिच्या रक्तात राहिला.”

“म्हणजे गोळीनं...”

“गोळीनं सांभाळलं हिला.”

ज्या गोळीची मी नऊ महिने माफी मागितली, ती लेकराला धरून होती. आणि जे माझ्या रक्तातून तिच्यात जात होतं, त्याची मी एकदाही माफी मागितली नव्हती. त्याचा विचारच केला नव्हता.

“हे कायमचं नाही,” डॉक्टर म्हणाले. “तुमच्याकडून आलेलं काही महिन्यांत आपोआप निघून जाईल. तोवर हृदय जपायचं. आणखी उशीर झाला असता तर ते दमलं असतं.” आणखी उशीर. ते शब्द त्यांनी सहज उच्चारले असतील. माझ्या डोक्यातून आजवर गेलेले नाहीत.

मग सुरू झाले दवाखान्याचे दिवस. कोपरापर्यंत हात धुवायचे, निळा झगा घालायचा, आत जायचं, काचेच्या पेटीत हात घालून तिचं पाऊल धरायचं. बाहेर येऊन वाटीत दूध काढायचं. मला भीती होती की माझं दूधही आता नको म्हणतील. “दूध चालतं. तुमची गोळीपण चालते, या मात्रेला काही होत नाही,” नर्स म्हणाली, आणि जीव भांड्यात पडला. माझ्यातलं काहीतरी एक तिला चालत होतं.

बाहेरच्या पॅसेजमध्ये चटया टाकून आम्ही सगळ्या आया. शेजारी उदगीरकडची एक बाई होती, तिचं लेकरू दिवस भरायच्या आधीच झालेलं. मी वाटी हातात घेऊन रडत होते तर म्हणाली, “अक्का, आधी दूध काढा, मग रडा. लेकराची वाटी भरू द्या.” मी तेव्हापासून तसंच करायला लागले. आधी वाटी, मग रडणं. तिच्याकडं गुळाची पोळी होती, रोज अर्धी मला द्यायची आणि मी नको म्हटलं की डोळे वटारायची.

संतोष पहिले काही दिवस माझ्याशी बोललाच नाही. एकदा फक्त एवढंच, “दोनदा सांगितलं होतं ना मॅडमनी? मला एक शब्द बोलली असतीस तर मी बारशाबिरशाचं काही ऐकलं नसतं.” खरंच होतं. मायवर तर तो उघड चिडला होता. म्हणून माय वर यायची नाही, डबा घेऊन गेटपाशी बसून राहायची. मी खाली गेले तर माझे हात धरून म्हणाली, “मी भाजलं गं लेकराला शेगडीवर.” मी म्हटलं, “माय, तू शेकलंस. आजार माझा होता.” तिला ते पटलं नाही. घरी जाऊन तिनं ती शेगडी उकिरड्यावर टाकून दिली, आजही घरात दुसरी आणलेली नाही.

आत्याबाई रोज वर यायच्या. एकदा पॅसेजमध्ये बसून म्हणाल्या, “गोळी कमी कर म्हणत हुते मी. तू ऐकलं न्हाईस. बरं केलंस, बाई. माझं ऐकलं असतंस तर?” म्हणजे बघा, प्रत्येक जण आपापला अपराध घेऊन त्या पॅसेजमध्ये बसला होता. संतोषलाही वाटत होतं की तो खाली औषधं आणायला गेला नसता तर त्याच्या कानावर पडलं असतं. सगळ्यांनी आपला आपला वाटा उचलला. माझा मात्र त्यानं काही कमी झाला नाही.

एक दिवस नर्स म्हणाली, “ताई, आज औषध तुम्ही द्या. घरी तुम्हालाच द्यायचंय.” तिनं गोळी फोडली, बारीक केली, माझ्याच दुधात कालवली. रंग बघून मी ओळखलं. तीच गुलाबी गोळी. चमचा तिच्या ओठांशी नेताना निम्मं हनुवटीवर सांडलं. नर्सनं पुन्हा करून दिलं. “सावकाश,” म्हणाली. या वेळी मी पोटावर हात ठेवून माफी मागितली नाही. तिच्या पाठीखाली हात घातला आणि म्हटलं, “घे गं बाई. घे.”

ही माझी

विष्णुपुरीला आम्ही परत आलो तेव्हा लाल आकडे मागं राहिले होते, पण माझं मोजणं सुटलं नव्हतं. ती झोपली की छातीवर हात. हसली की छातीवर हात. संतोष म्हणाला, “जरा हसू दे की तिला.” तो आता बोलायला लागला होता. एक दिवस आपणहून चहा करून आणला, माझ्यापुढं ठेवला, आणि गार्गीला घेऊन बाहेर गेला. भांडण मिटलं असं आम्ही कधी म्हटलं नाही. चहा मी प्याले.

दर काही दिवसांनी रक्त. तिच्या एवढ्याशा हातातून रक्त काढताना मी दरवेळी तिच्या तोंडापाशी तोंड नेऊन मोठ्यानं गाणी म्हणायचे, अख्ख्या दवाखान्याला ऐकू जाईल अशी. गोळी पाव झाली, मग त्याहून कमी. वजन आलं. मांड्यांना वळ्या पडल्या. आणि डोळे हळूहळू आत गेले.

शेजारची बाई हळहळली. “बारके झाले की गं डोळे! मुरुडच्या फोटोत किती टपोरे होते. आता बापावर गेली वाटतं.”

“जाऊ दे बापावर,” आत्याबाई म्हणाल्या. “त्याचंबी काहीतरी येऊ दे कामी.” संतोषसुद्धा हसला. मी आत जाऊन मुरुडचा तो फोटो मोबाइलमधून काढून टाकायला घेतला आणि थांबले. ठेवला. दोन दिवस मी काय झाकलं होतं ते मला दिसलेलं बरं.

तर बाई, तुला सांगायचं ते एवढंच. तुझी गोळी तू अपराध्यासारखी गिळू नकोस, आणि डॉक्टर दोनदा म्हणाले तर दोनदा जा. मध्ये बारसं येऊ दे, पाहुणे येऊ देत, सासू-माय कुणीही आडवी येऊ दे. आणि लेकराच्या अंगात तुझं काही ओळखीचं दिसलं, तर लाजून त्याला गुंडाळू नकोस. हे कुणी मला सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, माहीत नाही. तरी सांगते.

कालच्या तपासणीला डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला आणि म्हणाले, “बंद करा गोळी. गेलं सगळं.” मला वाटलं होतं मी नाचेन. मी फक्त “परत एकदा बघता का?” म्हणाले. ते हसले. परत बघितलं. गेलं होतं.

आमची सकाळची एक सवय झालेली आहे. इतके महिने चुलीपाशी आधी तिचा चमचा, मग माझी गोळी. आज सकाळी तिला कडेवर घेऊन मी पाण्याचा पेला भरला, पाकिटातून गोळी काढली. गोळी हातात बघितल्याबरोबर गार्गीनं सवयीनं आ केला. चिमणीच्या पिल्लासारखा, डोळे माझ्याकडं लावून. बापावर गेलेले डोळे. ती आ करून वाट बघत होती, मी देईन म्हणून.

“तुझी संपली गं बाई,” मी म्हणाले, आणि गोळी माझ्या तोंडात टाकली. “ही माझी.”